दुधातला अँटिबायोटिकचा अंश संकलन केंद्रावरच कसा पकडायचा

दहा लाख युनिट पेनिसिलिन म्हणजे वजनाने ६०० मिलिग्रॅम. दुधातली पेनिसिलिनची मर्यादा आहे किलोमागे ४ मायक्रोग्रॅम. हिशेब मांडला तर हे ६०० मिलिग्रॅम सगळं दुधात उतरल्यास ते मर्यादेत आणायला दीड लाख लिटर स्वच्छ दूध लागेल. सगळं उतरत नाही. स्नायूत दिलेल्या इंजेक्शनचा मोठा भाग लघवीवाटे जातो. मात्र सडात सोडलेल्या औषधाच्या ट्यूबचा बराच भाग दुधातूनच बाहेर पडतो. त्यातला दहावा हिस्सा जरी कॅनमध्ये आला तरी १५ हजार लिटर, म्हणजे एक मोठा टँकर मर्यादेला भिडतो. एवढं नुकसान एका गोठ्यातल्या एका गायीच्या एका सडामुळे होऊ शकतं, आणि त्या दुधाचा रंग, वास, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) यांपैकी काहीच बदललेलं नसतं. फॅट मोजणारा मिल्कोटेस्टर त्याला उत्तम दर लावून मोकळा होतो.

दूध सोसायटीचे सचिव, बल्क कूलर (गावचं दूध एकत्र थंड ठेवणारी टाकी) चालवणारी मुलं आणि स्वतःच्या नावाने पिशवी किंवा बाटली विकणारे गोठेमालक यांच्यासाठी ही माहिती लिहितो आहे. अँटिबायोटिक तपासायच्या बाजारात आज मिळणाऱ्या पट्ट्या चांगल्या आहेत. पण पट्टीला विचारलं तेवढंच ती सांगते. कुठल्या औषधाबद्दल विचारायचं, कुठल्या टप्प्यावर विचारायचं आणि शेतकऱ्याने खरं सांगितलं तर त्याचं काय होणार, हे आधी ठरवलं नाही तर महागडा डबा कपाटात पडून राहतो आणि टँकर डेअरीच्या गेटवरून परत येत राहतात.

एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०१८ मध्ये देशभर केलेल्या दूध पाहणीत ६,४३२ नमुने तपासले गेले. त्यातल्या ७७ नमुन्यांत अँटिबायोटिकचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. प्रमाण साधारण सव्वा टक्का. आकडा लहान वाटेल, पण दूध रोज पितात आणि लहान मुलं सगळ्यात जास्त पितात. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याला थोडा अंशही त्रास देऊ शकतो. औषधांना न जुमानणारे जंतू तयार होण्याला असे अंश हातभार लावतात. डेअरीचा तोटा तर लगेच दिसतो: विरजणातले जंतू पेनिसिलिनपुढे टिकत नाहीत, दही लागत नाही, चीजची अख्खी बॅच बिघडते. दूध उकळल्याने काम भागत नाही. पाश्चरायझेशनमध्ये पेनिसिलिन फारसं कमी होत नाही, आणि सल्फा किंवा एन्रोफ्लॉक्सासिनसारखी औषधं उकळीलाही बऱ्यापैकी तग धरतात.

आधी यादी, मग किट

किटवाल्याला फोन करण्याआधी तुमच्या भागातले पशुवैद्यक आणि औषधाचे दुकानदार यांच्याकडे जा. दगडीला (कासेच्या सुजेला) काय देतात, वार अडकली तर काय, वासराच्या हगवणीला काय, तापाला काय? आपल्याकडच्या गोठ्यांत साधारण ही नावं निघतात: पेनिसिलिन, ॲम्पिसिलिन-क्लॉक्सासिलिन, सेफ्ट्रायक्झोन, सेफ्टिओफर, ऑक्सिटेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, सल्फा. गेल्या वर्षभरात कुठलं औषध सर्वांत जास्त खपलं हे दुकानदार दोन मिनिटांत सांगतो. ती यादी कागदावर उतरवा.

आता प्रत्येक नावापुढे मर्यादा लिहा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या तक्त्यात दुधासाठी बेन्झिलपेनिसिलिन ४, टेट्रासायक्लिन गट १००, सेफ्टिओफर १००, जेंटामायसिन २००, स्ट्रेप्टोमायसिन २०० मायक्रोग्रॅम प्रति किलो किंवा लिटर, असे आकडे आहेत. भारतात लागू पडते ती एफएसएसएआयची यादी. तिच्यात सुधारणा झाली आहे आणि नवे आकडे १ एप्रिल २०२५ पासून लागू झाले आहेत. त्यांच्या संकेतस्थळावरून ताजी प्रत काढून भिंतीवर लावा. जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका.

ही यादी हातात असली की किटवाल्याला पहिला प्रश्न विचारायचा: यातलं काय काय तुमची पट्टी पकडते, आणि किती मायक्रोग्रॅमपासून? प्रत्येक किटच्या माहितीपत्रकात असा तक्ता असतो. तो न देणाऱ्याकडून किट घेऊ नका. सेफ्ट्रायक्झोनबद्दल मुद्दाम विचारा. आपल्याकडे ते सर्रास वापरलं जातं, पण परदेशी किटच्या तक्त्यात ते नाव असेलच असं नाही. दुसरा प्रश्न: म्हशीच्या दुधावर किट तपासलेलं आहे का? सात-आठ फॅटचं दूध पट्टीवर सावकाश चढतं आणि रेषा पुसट उमटू शकतात. तिसरा: एफएसएसएआयच्या जलद चाचण्यांच्या मान्यताप्राप्त यादीत, म्हणजे राफ्ट योजनेत, हे किट आहे का?

दोन जातीची साधनं

पहिली जात जिवंत जंतूंची. छोट्या नळीत जेली असते, जेलीत जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जंतूचे बीजाणू आणि जांभळा रंग. त्यात दूध घालून नळी साधारण ६४ अंशांवर अडीच-तीन तास ठेवायची. दूध स्वच्छ असेल तर जंतू वाढतात, आम्ल तयार होतं, जांभळ्याचा पिवळा होतो. अँटिबायोटिक असेल तर जंतू वाढत नाहीत आणि रंग जांभळाच राहतो. डेल्व्होटेस्ट याच जातीची. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनेही (एनडीआरआय) बीजाणूंवर चालणारं किट विकसित केलं आहे. जंतूला रोखणारं बरंच काही ही चाचणी एकाच नळीत पकडते, हा तिचा फायदा. वेळ लागतो, हा तोटा. टँकर तीन तास उभा राहत नाही. शिवाय हा जंतू पेनिसिलिनला फार हळवा आणि क्विनोलोनला म्हणजे एन्रोफ्लॉक्सासिनसारख्यांना बराच निबर आहे. नळी पिवळी झाली म्हणून एन्रोफ्लॉक्सासिन नाही, असं म्हणता येत नाही.

दुसरी जात पट्टीची. गर्भधारणा तपासायच्या पट्टीसारखीच दिसते, पण वाचायची उलटी, आणि सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. आत काय घडतं ते कळलं की घोटाळा टळतो. छोट्या नळीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात. ते इतके बारीक की लाल दिसतात. प्रत्येक कणावर औषध पकडणारा रेणू बसवलेला असतो. पट्टीवरच्या चाचणीच्या रेषेत तेच औषध आधीच चिकटवून ठेवलेलं असतं. दूध स्वच्छ असेल तर कणांचे हात मोकळे राहतात, ते पट्टीवर चढत जाऊन रेषेतल्या औषधाला धरतात आणि गडद लाल रेष उमटते. दुधात औषध असेल तर कणांचे हात नळीतच भरतात. संगीत खुर्चीत खुर्च्या आधीच भरल्यावर होतं तसं, रेषेतल्या औषधाला धरायला कुणी उरत नाही आणि रेष फिकी पडते किंवा येतच नाही. म्हणून चाचणीची रेष गडद आली म्हणजे दूध चांगलं, फिकी पडली किंवा गेली म्हणजे दूध अडवायचं. हे वाक्य मोठ्या अक्षरात टेबलासमोर लावा. नवा मुलगा कामावर आला की त्याच्याकडून ते म्हणवून घ्या.

संकलन केंद्रासाठी माझा सल्ला असा: रोजच्या कामाला बीटा-लॅक्टम (पेनिसिलिन, सेफ्टिओफर वगैरेंचा गट) आणि टेट्रासायक्लिन या दोन गटांची पट्टी, आणि आठवड्यातून एकदा कूलरच्या नमुन्यावर जास्त गटांची पट्टी, ज्यात क्विनोलोन, सल्फा आणि जेंटामायसिनचा गट असेल. जवळ इनक्युबेटर (ठरावीक तापमान धरून ठेवणारं यंत्र) असेल तर त्याच नमुन्याची बीजाणूंची नळीही लावा. पट्टी स्वच्छ आणि नळी जांभळी, असं जोडपं निघालं तर यादीबाहेरचं एखादं औषध असेल किंवा कुणीतरी दुधात फॉर्मेलिन, हायड्रोजन पेरॉक्साइड अथवा सोडा टाकला असेल. त्यामुळे लागलीच भेसळीच्या चाचण्या करा.

ॲप्टामर, ग्राफीन, मोबाइलला जोडायचे इलेक्ट्रोड अशा सेन्सरच्या बातम्या येत असतात. प्रयोगशाळेत ते खरोखर बारीक अंश पकडतात. पण दुधातले स्निग्ध कण आणि प्रथिनं इलेक्ट्रोडवर बसून त्याची संवेदना मारतात, आणि रोज पहाटे पाच वाजता एकसारखं उत्तर देणं वेगळीच गोष्ट आहे. ते साधन येईल तेव्हा घेऊ. आज निर्णय पट्टीवर घ्यायचा.

नमुना घेताना

किट खराब निघण्यापेक्षा नमुना चुकल्यामुळे उत्तर चुकण्याचं प्रमाण जास्त असतं. कॅन असेल तर प्लंजरने वर-खाली ढवळा, कूलर असेल तर ढवळणारं यंत्र पाच मिनिटं चालू ठेवा, मगच नमुना घ्या. वर साय धरलेल्या दुधाचा नमुना घेऊ नका. डिपर प्रत्येक वेळी साध्या पाण्याने विसळा. साबणाचा किंवा क्लोरीनचा अंश राहिला तर बीजाणूंची चाचणी बिघडते.

नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी जनावराला इंजेक्शन दिलेलं असेल तर हात साबणाने धुऊन मगच टेबलापाशी यावं. चार मायक्रोग्रॅमच्या खेळात बोटाला लागलेला थेंबही पुरतो.

चीक आणि नव्या वेताचं पहिल्या चार-पाच दिवसांचं दूध तपासू नका आणि संकलनातही घेऊ नका. चिकात आणि दगडीच्या दुधात जंतू मारणारी नैसर्गिक द्रव्यं जास्त असतात. त्यामुळे औषध नसतानाही नळी जांभळी राहू शकते. असा संशय आला तर दुधाचा नमुना ८० अंशांवर दहा मिनिटं तापवून, थंड करून नळी पुन्हा लावायची. ही द्रव्यं उष्णतेने निकामी होतात, अँटिबायोटिक बहुतांशी टिकतं. फाटलेलं, आंबट झालेलं, गुठळ्या आलेलं दूध पट्टीवर लावू नका.

प्रत्येक शेतकऱ्याचा फॅटसाठी काढलेला नमुना ओतून टाकू नका. तीस-चाळीस मिली बाटलीत, कोड लिहून, ४ अंशांच्या फ्रिजमध्ये ठेवा. डेअरीने टँकर पास केल्याचा निरोप आला की बाटल्या रिकाम्या करा. आग लावणारं दूध कुणाचं, हे शोधायचा दुसरा मार्ग नाही.

पट्टी लावणं, एकेक पायरी

पट्ट्यांचा डबा फ्रिजमधून काढून पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. थंड डबा पावसाळ्यात उघडला की आत दव धरतं आणि उरलेल्या पट्ट्याही जातात. लागतील तेवढ्याच काढा, झाकण लगेच लावा. एका लॉटची नळी दुसऱ्या लॉटच्या पट्टीला वापरू नका.

इनक्युबेटर चालू करून दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. बऱ्याच किटना ४० अंश लागतात, काही खोलीच्या तापमानावर चालतात. पत्रक वाचा.

पिपेटला नवं टोक लावा. दुधात बुडवून सावकाश ओढा. टोकात बुडबुडा दिसला तर ते दूध टाकून पुन्हा घ्या. साधारण २०० मायक्रोलिटर लागतं, म्हणजे चार-पाच थेंब. थेंब मोजून काम करू नका, पिपेटच वापरा. दूध नळीत सोडा आणि तळाशी असलेली गुलाबी भुकटी पूर्ण विरघळेपर्यंत आठ-दहा वेळा ओढून-सोडून मिसळा. भुकटी नीट न विरघळता राहिली तर सगळ्याच रेषा फिक्या येतात आणि चांगलं दूध अडतं.

घड्याळ लावा. पहिला टप्पा, म्हणजे दूध आणि कण यांचा संयोग, पत्रकात असेल तेवढी मिनिटं, बहुधा तीन. मग पट्टी नळीत उभी करा आणि दुसरा टप्पाही मोजून द्या. मधेच गवळी आला, फोन आला म्हणून दहा मिनिटांनी पाहिलेली पट्टी बाद समजा. पट्टी सुकत जाते तसा रेषांचा रंग बदलतो.

वाचताना आधी नियंत्रण रेष, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी वेगळी रेष, बघा. ती नसेल तर चाचणी झालीच नाही, नवी पट्टी घ्या. नियंत्रण रेष आली असेल तर चाचणीच्या प्रत्येक रेषेची तिच्याशी तुलना करा. चाचणीची रेष नियंत्रणापेक्षा गडद असेल तर दूध पास. फिकी असेल किंवा नसेल तर नापास. सारखीच दिसली तर संशयित. बल्बच्या पिवळसर उजेडात दोन माणसांचं मत वेगळं पडतं, म्हणून रोजचं काम मोठं असेल तर रीडर घ्या. तो दोन रेषांचं गुणोत्तर मोजून छापतो आणि वाद मिटतो. रीडर नसेल तर पट्टीचा पांढऱ्या कागदावर, लॉट नंबरसह, वेळेत फोटो काढा.

रोज सकाळी पहिल्या नमुन्याआधी दोन पट्ट्या खर्च करा: एक औषध न दिलेल्या गायीच्या दुधावर, दुसरी किटसोबत येणाऱ्या पॉझिटिव्ह नमुन्यावर. हा खर्च वाचवू नका. फ्रिज रात्री बंद पडला होता का, पट्ट्या खराब झाल्या का, हे याशिवाय कळत नाही. पॉझिटिव्ह नमुना इंजेक्शनची बाटली फोडून केंद्रावर कधीच बनवू नका. एका शिंतोड्याने सगळं टेबल पॉझिटिव्ह होतं.

कुठे तपासायचं: कॅन, कूलर की टँकर

समजा एका गायीचं १२ लिटर दूध आलं आणि त्यात पेनिसिलिन आहे लिटरमागे २,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे ट्यूब कालच सोडलेली. ६०० लिटरच्या कूलरमध्ये ते मिसळलं की लिटरमागे ४० होतं. पट्टी २ ते ४ ला प्रतिसाद देते, त्यामुळे कूलरवर स्पष्ट नापास. आता तेच दूध चार दिवसांनी घ्या, अंश उतरून ८० वर आला आहे. कूलरमध्ये तो होतो १.६. पट्टी पास म्हणते. त्या शेतकऱ्याच्या चरवीत मात्र मर्यादेच्या वीसपट औषध असतं.

म्हणून कूलरची पट्टी ताजी ट्यूब पकडते, उतरतीचा अंश तिच्या हातून निसटतो. मोठ्या संकलनात रोजचा पहारा म्हणून कूलर पुरतो. तुम्ही मात्र दहा गायींचं दूध बाटलीत भरून थेट घरी देत असाल, तर विरळ करायला दुसरं दूध नसतं. तुम्हाला औषध दिलेल्या प्रत्येक गायीचं दूध वेगळं तपासावंच लागेल.

कूलर नापास झाला तर साठ बाटल्यांसाठी साठ पट्ट्या लागत नाहीत. सहा-सहा बाटल्यांचे सारख्या मापाचे दहा गट करा आणि दहा पट्ट्या लावा. साठ जणांच्या मिश्रणात जे दिसलं ते सहा जणांच्या मिश्रणात जास्तच ठळक दिसेल. सगळे दहा गट तपासा, पहिला नापास सापडला म्हणून थांबू नका, कारण दोन गोठे असू शकतात. मग नापास गटातल्या सहा बाटल्या सुट्या तपासा. एकच गट नापास असेल तर साठऐवजी सोळा पट्ट्यांत काम होतं.

नापास आल्यावर

त्याच नमुन्यावर लगेच दोन नव्या पट्ट्या लावा, शक्य असेल तर वेगळ्या माणसाच्या हातून. दोन्ही पास आल्या तरी दूध सोडण्याआधी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह नमुने पुन्हा तपासा. एक जरी नापास आली तरी कूलर थांबवा. चांगल्या कूलरमध्ये टाकून विरळ करणं कायद्यानेही नको आणि मनानेही नको.

पट्टी ही चाळणी आहे, निकाल नव्हे. पैसे कापण्यापर्यंत किंवा तक्रारीपर्यंत गोष्ट गेली तर एलसी-एमएस-एमएस या औषध नेमकं ओळखून मोजणाऱ्या यंत्रावरची पुष्टी लागते. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाची) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत, उदाहरणार्थ राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या (एनडीडीबी) आणंद इथल्या काफ प्रयोगशाळेत, ती होते. नमुना गोठवून, बर्फात, सील करून पाठवा. नुसत्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या दुधात पेनिसिलिन हळूहळू कमी होतं आणि तुमचा खरा पॉझिटिव्ह तिथे पोचेपर्यंत निगेटिव्ह होऊ शकतो.

वाया गेलेलं दूध वासरांना पाजू नका. वासराच्या पोटात त्याच औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात. ओढ्यात तर अजिबात सोडू नका. गोठ्यावरचं चार-दहा लिटर विहिरीपासून लांब, शेणखताच्या खड्ड्यात पालापाचोळ्यासोबत मुरवा. टँकरभर असेल तर डेअरीच्या सांडपाणी संयंत्राशी बोलूनच ठरवा.

गोठ्यातली वही

कुठल्याही पट्टीच्या आधी माहिती कळते ती गोठ्यात. एक वही, पाच रकाने: गायीचा बिल्ला नंबर, औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि वेळ, दूध किती दिवस वेगळं काढायचं, दूध पुन्हा कधी घातलं. औषधाच्या लेबलवर दूध वर्ज्य करण्याचा काळ लिहिणं नियमाने बंधनकारक आहे. लेबलवर तो दिलेला नसेल तर औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे दुधासाठी किमान ७ दिवस धरायचे. मोजणी पहिल्या इंजेक्शनपासून नाही, शेवटच्या डोसपासून. डोस दुप्पट दिला, जास्त दिवस दिला किंवा गाय फार आजारी असली तर अंश जास्त रेंगाळतो, तेव्हा दिवस संपल्यावरही पट्टी लावा.

तीन ठिकाणी लोक फसतात. एकाच सडात ट्यूब सोडली म्हणून बाकीच्या तीन सडांचं दूध घालतात, पण औषध रक्तातून तिकडेही पोचतं. गाय आटवताना सोडलेली ट्यूब आठवड्यांच्या हिशेबाने टिकते, आणि गाय लवकर व्याली तर अंश नव्या दुधात येतो. आणि लोणी किंवा घोडेगावच्या बाजारातून आणलेल्या गायीला काय दिलं होतं हे विकणारा सांगत नाही. अशा गायीचं दूध पट्टी लावल्याशिवाय कॅनमध्ये ओतू नका.

औषधच कमी लागावं यासाठी दर पंधरवड्याला सीएमटी (दगडी ओळखायची गोठ्यातली सोपी चाचणी) करा, धार काढल्यावर सड द्रावणात बुडवा. दगडीच्या सुरुवातीला एनडीडीबी सुचवते तो कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप बऱ्याच गोठ्यांत उपयोगी पडतो. पण गाय तापाने फणफणली असेल तर डॉक्टरांना बोलवायला उशीर करू नका आणि औषध टाळू नका. आजारी गायीला औषध मिळालंच पाहिजे. दूध तेवढं थांबवायचं.

सोसायटीने एवढा एक ठराव करावा: ज्याने गायीला औषध दिल्याचं स्वतःहून कळवलं, त्या गायीचं दूध तेवढे दिवस घेतलं जाणार नाही, पण दंड नाही, नाव फलकावर नाही, आणि परत सुरू करण्याआधीची पट्टी सोसायटीच्या खर्चाने. लपवलं आणि बाटलीत सापडलं, तर त्या दिवशीच्या कूलरचं नुकसान त्याने भरायचं. दोन्ही कलमं एकाच ठरावात, वार्षिक सभेत मोठ्याने वाचून मंजूर करा आणि त्याची प्रत प्रत्येक दूध कार्डाच्या मागे चिकटवा.